परवाना आहे, नेम कोण तपासणार?

खंडेनवमीला बंदूक कपाटातून निघते. जुन्या चादरीत किंवा कॅनव्हासच्या खोळीत गुंडाळलेली बारा बोअर घरातला कर्ता माणूस पाटावर ठेवतो, नळीवरून फडके फिरवतो, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहतो, पोरांना लांब उभे करतो. दसरा उलटला की ती परत खोळीत जाते. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी, वरूड, चांदूर बाजार या संत्र्याच्या पट्ट्यात ज्या थोड्या घरांत परवान्याची बंदूक आहे, तिथे तिचा वर्षभरातला सर्वांत मोठा कार्यक्रम बहुधा हाच. तिच्यातून शेवटचा बार कधी निघाला, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा वडिलांच्या काळात जाऊन पोचते.

परवान्यावर कारण मात्र ठळक असते: स्वसंरक्षण, नाहीतर पीकसंरक्षण. जीव वाचवायला हे हत्यार जवळ ठेव, असे सरकारने एका नागरिकाला लेखी सांगितलेले असते. ते हत्यार वेळेवर चालेल का आणि चालवणाऱ्याचा हात वेळेवर उठेल का, हे ना सरकार बघते, ना मालक. वाद एवढ्यापुरताच आहे. गावोगावी बंदुका वाढाव्यात, असे कुणाला सुचवायचे नाही. आहेत त्यांचीच नीट झडती घेतली तर बऱ्याच कमी होतील.

आणि झडती घेणे काही अवघड नाही. केंद्रीय गृह खात्याच्या ३१ डिसेंबर २०१६ च्या आकडेवारीत देशात ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजार. डिसेंबर २०२४ मध्ये सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीडच्या पिस्तुलांची चर्चा पेटली, तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी तुलनेसाठी काही आकडे मांडले. बीड १२२२, परभणी ३२, अमरावती ग्रामीण २४३. मोर्शी या २४३ मध्ये येते. एका लग्नाच्या पहिल्या पंगतीत बसतील एवढीच ही माणसे. त्यांना वर्षातून एकदा मैदानावर बोलावून नेम बघणे जिल्हा प्रशासनाला जड जाऊ नये.

शेतकऱ्याच्या बंदुकीचा विचार १९५९ च्या शस्त्र कायद्याने वेगळा केला आहे. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरी पडत नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी आणि छर्रे गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची, घोडा चढवायचा आणि मग चाप ओढायचा. एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत रानडुक्कर धुरा ओलांडून शेजारच्या वावरात पोचलेले असते. किंवा अंगावर आलेले असते. अशा हत्याराला सराव लागत नाही असे म्हणणारा माणूस अंधारात ते कधी भरून बघत नसावा.

मोर्शीच्या शिवारात अंधाराला तोटा नाही. उत्तरेला सालबर्डीपासून सातपुड्याचा पायथा, नदीकाठची झुडपे, सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचे पाणी. जनावराला लपायला जागा आहे आणि प्यायला पाणी आहे. हरभरा घाटे धरू लागला की डुकरांचे कळप रात्री उतरतात, रोही तर उजेडातही तूर सोडत नाहीत. जागलीला गेलेला माणूस पत्र्याचा डबा बडवतो, फटाके लावतो, टॉर्च फिरवतो. कुणी कुंपणात वीज सोडतो आणि सकाळी त्या तारेला भलताच माणूस चिकटलेला सापडतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये चंद्रपूरकडून आलेल्या एका वाघाने धामणगाव रेल्वे तालुक्यात दोघांचा जीव घेतला. पुढे तो जिल्हा पार करून मध्य प्रदेशात शिरला आणि डिसेंबरात बैतूल जिल्ह्यातल्या सारणीजवळ पकडला गेला. त्या दिवसांत ज्याच्या घरी बंदूक होती, त्याचा हात कपाटाकडे गेला असेल तर नवल नाही. कपाटातून काय निघाले असते, हा प्रश्न आहे.

ते जवळून बघू. दुनळी बंदुकीची कळ दाबून नळ्या खाली पाडल्या आणि उजेडाकडे धरून आत पाहिले, तर आरशासारखा गुळगुळीत गोल दिसायला हवा. वर्षानुवर्षे न उघडलेल्या नळीत गंजाचे चट्टे दिसतात. कधी कुंभारमाशीने आत मातीचे घर केलेले असते. वाळलेल्या मातीचे एवढेसे बूच नळीत असताना बार काढला, तर दाबाला वाट मिळत नाही आणि नळी फुटते. डावा हात तिथेच जवळ असतो. म्हणून कोणताही जुना बंदूकवाला भरण्याआधी नळीतून आरपार बघतो आणि गजाला चिंधी लावून ती एकदा तरी फिरवतो. ज्याला हे कुणी दाखवलेच नाही, तो काय बघणार?

मग काडतूस. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा; तिथल्या ‘शक्तिमान’ काडतुसांवर देशातल्या बारा बोअर बंदुका कैक वर्षे चालल्या. काडतूस कितीही चांगले असले तरी वऱ्हाडाचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा असे अनेक ऋतू पत्र्याच्या कपाटात काढल्यावर त्याची हमी कोण देणार? बुडाच्या पितळेवर हिरवट थर चढतो. ओल लागून फुगलेले काडतूस नळीत अर्धेच शिरते आणि बंदूक मिटत नाही. शिरलेच तर चाप ओढल्यावर नुसती ‘टिक’ ऐकू येते. अशा वेळी काय करायचे, हेही शिकण्याचेच काम आहे. मैदानावर असाल तर नळी मोकळ्या दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबायचे, कारण बार उशिराने निघू शकतो. जनावर अंगावर येत असेल तर थांबायला वेळ नाही. बोट लगेच दुसऱ्या चापावर गेले पाहिजे. दोन प्रसंगांत दोन उलट कृती. विचार करून ऐन वेळी त्या सुचत नाहीत.

नळीवर प्रूफची खूण असते, तिच्यावर अनेकजण विसंबतात. कारखान्यात जादा दाबाचा बार काढून नळी तपासली, एवढाच त्या खुणेचा अर्थ. तुमच्या काडतुसाने, तुमच्या हातात, तीस पावलांवर ती कुठे मारते, हे त्या खुणेत लिहिलेले नसते. ते कळायला एकच उपाय: मातीच्या बांधाला मोठा कागद लावायचा, पावले मोजायची आणि बार काढून कागदातली भोके बघायची. बारा बोअरचे छर्रे पसरत जातात. जाणकार चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात किती छर्रे पडले हे मोजतात. दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी तोंडाशी आवळलेली असते, त्यामुळे एकाच बंदुकीच्या दोन नळ्या दोन तऱ्हांनी मारतात. कित्येक मालकांना आपल्या बंदुकीची कुठली नळी कशी मारते हे ठाऊकच नसते, आणि तरी बंदूक आहे म्हणून ते निर्धास्त झोपतात. इन्साससारख्या लष्करी रायफलीबद्दलही १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत अडकण्याच्या आणि मॅगझिनला तडे जाण्याच्या तक्रारी आल्या होत्या. चाचण्यांतून पार पडलेल्या हत्याराची ही गत, तर खोळीतल्या बंदुकीचे काय घ्या.

हात सरावाचा नसेल तर चांगले चालणारे हत्यार जास्तच धोक्याचे. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. बाहेरगावी निघताना ते कपाटात ठेवत असता हातातून निसटले आणि बार झाला, अशी हकीगत सांगण्यात आली. गोविंदा बचावले, बातमी दोन दिवस चालली, समाजमाध्यमांवर विनोदही झाले. त्यातून घ्यायचा धडा मात्र कुणी घेतला नाही. हत्यार हातात घेतल्याबरोबर आधी ते रिकामे करणे, नळी कुणाकडेही, स्वतःच्या पायाकडेही, न वळवणे आणि कपाटात ठेवताना काडतुसे वेगळी ठेवणे, या सवयी अंगात मुरायला हाताला ते शेकडो वेळा करावे लागते. त्यासाठी काडतूसही खर्ची पडत नाही. खोटी काडतुसे घालून घरी, बंद दाराआड, भिंतीकडे तोंड करून हा सराव होतो.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतरचे ते दिवस, आणि किंमत सव्वा लाखाच्या आसपास. सुरक्षिततेचा प्रश्न सव्वा लाखात मिटवण्याचा तो प्रकार होता. पर्सच्या तळाशी ठेवलेले रिव्हॉल्व्हर किती सेकंदांत बाहेर निघेल, याची चर्चा त्या जाहिरातबाजीत कुठे दिसली नाही.

सेकंदांचा हिशेब एका अमेरिकी पोलिसाने १९८३ मध्ये मांडला होता. सॉल्ट लेक सिटीचे सार्जंट डेनिस ट्यूलर यांनी धावणाऱ्यांना घड्याळ लावले. साधारण धडधाकट माणूस २१ फूट अंतर दीड सेकंदात कापतो, आणि तेवढ्याच वेळात सराव असलेला पोलीस कमरेचे पिस्तूल काढून जेमतेम एक-दोन गोळ्या झाडतो. चाकूवाला २१ फुटांवर आहे म्हणजे तो लांब नाही. वावरात २१ फूट म्हणजे संत्र्याच्या एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंतचे, फार तर त्याहून थोडे जास्त अंतर. पिसाळलेले रानडुक्कर ते किती वेळात कापते, हे मोर्शीत कुणाला सांगायला नको.

पगारी, गणवेशातल्या माणसांचीही ऐन प्रसंगी काय अवस्था होते, याचे मोजमाप झालेले आहे. रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास केला. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी १८ टक्केच लागल्या. समोरचा गोळी झाडत नसतानाही सरासरी प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेले नाही. ज्यांना नियमाने सराव करावा लागतो, त्यांची ही कथा. नाडी चढते, नजर अरुंद होते, बोटे जड पडतात, बाजूला ओरडणारा माणूस ऐकू येत नाही. सरावाने भीती जात नाही. भीती असतानाही हात ठरलेले काम करतो, इतकेच.

मुंबईने हे २००८ मध्ये पाहिले. २६ नोव्हेंबरच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या दोघा दहशतवाद्यांसमोर पोलीस होते. हत्यारेही होती, पण जुनी. रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली, असे तुरळक अपवाद सोडले तर बंदुका गप्प राहिल्या. पुढे राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने चौकशी केली, तेव्हा पोलिसांचा नियमित गोळीबार सराव होत नव्हता आणि सरावाच्या काडतुसांचाच तुटवडा होता, ही गोष्ट पुढे आली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर नेमके उलट घडले. तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. गाडी चालवणारा त्याचा साथीदार इस्माईल पोलीस अधिकाऱ्यांच्या साध्या सर्व्हिस रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांनी पडला. हत्यार तेच जुने. गाडीच्या काचेआडच्या माणसावर, काही फुटांवरून, हात स्थिर ठेवून ते चालवणारा माणूस तिथे होता.

त्यानंतर सोळा वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली तेव्हाही त्यांच्यासोबत सशस्त्र पोलीस शिपाई होता. नंतर तो निलंबित झाला. एका शिपायाला निलंबित करून प्रश्न सुटत असता तर २००८ नंतरच सुटला असता.

इथवर हात आणि हत्यार झाले. यापुढचा भाग अधिक नाजूक आहे, आणि बंदूकवाल्यांच्या गप्पांत तो सहसा येत नाही: गोळी कधी झाडायची नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांची एक टोळी रानडुकराच्या शिकारीला गेली. झाडीत हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी झाडली गेली आणि पडला तो सोबतचाच माणूस. भेदरलेल्यांनी प्रकार दडवला आणि काही दिवसांनी तो उघडकीला आला. ज्या बंदुकीने हे केले ती व्यवस्थित चालली होती. लक्ष्य डोळ्यांनी पक्के ओळखल्याशिवाय बोट चापावर न्यायचे नाही आणि लक्ष्यामागे काय आहे हे पाहायचे, हा पहिला धडा तिथे कुणी गिरवलेला नव्हता. रात्री टॉर्च कोणत्या हातात, बंदूक कोणत्या, आणि सोबतचे लोक कुठे उभे, हे ठरवल्याशिवाय जागलीला बंदूक नेणाऱ्याने ती घरी ठेवलेली बरी.

कायद्याची बाजूही शिकावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. आंबिया बहाराची संत्री क्रेटमध्ये भरून पळणाऱ्या चोरावर बार काढला, तर वकील कितीही मोठा केला तरी ‘स्वसंरक्षण’ म्हणून ते उभे राहणे कठीण. डुकराचेही तसेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी घेतल्याशिवाय ते मारता येत नाही, आणि हातात बंदुकीचा परवाना असणे म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. गावागावांत या दोन कागदांची सर्रास गल्लत होते.

‘स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली’ हे वाक्य नंतर किती तपासले जाते, त्याचे उदाहरण शेजारच्या यवतमाळात आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ अवनी वाघीण मारली गेली. शिकारी शफाअत अली खान यांचा मुलगा असगर याने गोळी झाडली. वाघीण गाडीवर चालून आली म्हणून झाडावी लागली, असा दावा होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत मात्र ठरलेल्या कार्यपद्धतीचा आणि शस्त्र कायद्याचाही भंग झाल्याचा ठपका आला. वाघिणीने तेरा माणसे मारली असे सांगितले जात होते, गावे दहशतीत होती, हे सगळे खरे. तरीही एका गोळीचा जाब वर्षानुवर्षे द्यावा लागला. मोर्शीच्या शेतकऱ्याकडे तेवढे वकील असतील का?

हत्यार दुसऱ्याच्या हाती लागू न देणे हाही विश्वासार्हतेचाच भाग. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या मॉरिस नोरोन्हाने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होते. त्याच्या आधीच्या आठवड्यात उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या स्वतःच्या परवान्याच्या हत्यारातून. परवाना देताना चारित्र्य तपासले जाते. रागाच्या भरात माणूस काय करतो, हे कागदावर कळत नाही. मैदानावर, चार अनोळखी माणसांत, शिक्षकाच्या हुकमावर हत्यार खाली ठेवायला सांगितले तर कोण ठेवतो आणि कोण हुज्जत घालतो, यावरून मात्र जाणत्या हवालदाराला बरेच समजते.

मग कायदा काय मागतो? २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. हाताळणी, गोळीबाराचे प्राथमिक तंत्र, साठवण, ने-आण हे त्यात येते. पाऊल चांगले होते. पण परवाना हाती आल्यावर दरवर्षी नेम दाखवण्याची सक्ती नाही. २०१९ च्या दुरुस्तीने हत्यारांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली, मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, आणि त्याच वेळी परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. म्हणजे सरकारची आणि बंदूकवाल्याची गाठ आणखी उशिराने पडू लागली. शिवाय एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील, ते परवान्यातच बांधलेले. मालक ती जपून ठेवतो, सरावाला उडवत नाही. नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ज्या प्रकारात ब्राँझ मिळवले, त्याच्या नुसत्या पात्रता फेरीत ६० गोळ्या झाडाव्या लागतात. पण खेळाडूंची गोष्ट वेगळी. त्यांना बालेवाडी आहे, वरळी आहे. मोर्शीचा शेतकरी नेम साधायला पुण्याला जाणार नाही.

स्वित्झर्लंडचे नाव बंदूकप्रेमी नेहमी घेतात, अर्धवट. तिथे राखीव सैनिकाला रायफल घरी ठेवू देतात, पण दरवर्षी मैदानावर येऊन ३०० मीटरवर २० गोळ्या झाडायच्या असतात. ८५ पैकी किमान ४२ गुण हवेत. नापास झाला तर पुन्हा शिकायला जायचे, आलाच नाही तर दंड भरायचा. बंदूक घरात आणि मोजमाप सरकारच्या वहीत.

अमरावतीत हे करायला फार काही उभारावे लागणार नाही. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ९ शहरातच आहे आणि ग्रामीण पोलिसांना वार्षिक गोळीबार सराव करावाच लागतो. त्याच मैदानावर, त्याच शिक्षकांच्या देखरेखीखाली, वर्षातले दोन-तीन रविवार परवानाधारकांसाठी राखता येतील. स्वतःची बंदूक आणायची, घरातली सर्वांत जुनी काडतुसे आणायची आणि ती आधी उडवायची, म्हणजे नवी कपाटात जातील. आर्मोररने नळी, चाप, घोडा तपासून वहीत नोंद करायची. ठरावीक अंतरावरच्या कागदावर ठरावीक छर्रे पडले नाहीत तर सहा महिन्यांनी परत. दुसऱ्यांदाही नाही, तर हत्यार जमा. सरावात उडालेली काडतुसे परवान्याच्या वार्षिक मर्यादेत धरू नयेत, एवढी सूट सरकारने द्यावी. नाहीतर कुणी येणार नाही. ठासणीच्या बंदुका आणि बँकांबाहेर, रोकड गाड्यांवर उभे राहणारे खासगी रखवालदार यांनाही हाच नियम. त्या रखवालदारांच्या खांद्यावरची दुनळी कित्येकदा ग्राहकांच्या डोक्यांच्या उंचीवर आडवी असते, हे रांगेत उभ्या असलेल्या कुणीही पाहिले असेल.

याने बंदुकीचे आकर्षण वाढेल, अशी शंका घेणारे घेतील. बहुधा उलटच होईल. प्रतिष्ठेसाठी पिस्तूल बाळगणाऱ्याला लोकांसमोर नेम चुकवणे परवडत नाही. दरवर्षी कागदावर आपली भोके मोजली जाणार म्हटल्यावर तो परवानाच नको म्हणेल. शेतकऱ्यावर खर्चाचा बोजा पडेल, ही तक्रार मात्र खरी आहे. पीकसंरक्षणाच्या बंदुकीची काडतुसे सरावापुरती वन खात्याने द्यावीत. पीक नुकसानीची भरपाई तेच खाते देते, त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

अंग कमावल्याशिवाय आखाड्यात उतरू नये, हे अमरावतीला नव्याने सांगायला नको. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांब-लाठीपासून कबड्डीपर्यंत पिढ्या घडवल्या, १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकेही दाखवली. तिथे कुणी लाठी घरी भिंतीला टांगून स्वतःला लाठीबहाद्दर म्हणवत नाही. बंदुकीच्या बाबतीत मात्र आपण ते चालवून घेतो.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितल्या जातात, पावत्या मिळतात आणि निकालानंतर त्या परत घरी येतात. जिल्हाधिकारी आणि ग्रामीण पोलीस अधीक्षकांनी पुढच्या वेळी त्या परत देण्याआधी निदान एकदा आर्मोररकडून नळीत डोकावून घ्यावे, आणि मालकाला एका रविवारी मैदानावर बोलवावे. मोर्शी तालुक्यातल्या परवानाधारकांनी तोवर वाट बघू नये. कपाटातली काडतुसे काढून त्यांच्या बुडाचे पितळ बघा. हिरवे झाले असेल तर ते काडतूस बंदुकीत भरू नका, वावरात फेकू नका, पोलीस ठाण्यात नेऊन द्या.